पाऊस-मुन्शीचे दोन गुरू

गेवराईच्या तहसील कचेरीत मी सव्वीस वर्षं पाऊस मोजला. कागदोपत्री मी अहलकार, म्हणजे साधा कारकून. जमाबंदीचे कागद नकलायचे, आलेली-गेलेली डाक नोंदवायची, तहसीलदारसाहेब दौऱ्यावर निघाले की दप्तर बांधून द्यायचं. पण त्या नावानं मला गावात कुणी ओळखलं नाही. बाजारात आणि नदीकाठच्या खेड्यांत मी ‘पाऊस-मुन्शी’च होतो. वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, येऊन आता बरीच वर्षं झाली, तरी दसरा जवळ आला की कुणीतरी दाराशी येऊन उभं राहतं आणि विचारतं, “मुन्शीजी, हस्त पडल का?”

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहून मागितल्या, आणि त्याच पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात ‘यंदा परतीचा पाऊस कसा?’ असंही विचारलं. त्यांचीही कुठंतरी जमीन असणार. उत्तर देतो, पण आधी माझं काम काय होतं ते सांगू द्या.

कचेरीच्या मागच्या अंगणात, झाडांपासून दूर, एका चुनेगच्ची ओट्यावर पाऊस मोजायचं पात्र बसवलेलं होतं. वर पितळी काठाचं नरसाळं, आत एक बाटली. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीवर आणून आकडा वाचायचा आणि वहीत उर्दूत लिहायचा. इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. पाणी नसलं तर शून्य लिहायचं. शून्यही रोज लिहावंच लागे. आठवड्याचा कागद डाकेनं हैदराबादेस जाई. झालं काम. यात अक्कल लागत नाही, असं माझ्या आधीच्या अहलकारानं चार्ज देताना मला सांगितलं होतं.

अक्कल लागते, हे मी बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, आधीच शिकून आलो होतो, फक्त ते मला ठाऊक नव्हतं.

मी मूळचा वडवणीचा. वडिलांनी मला शिकायला बीडला ठेवलं. तिथं हबीबुल्ला मास्तर आम्हाला उर्दू आणि हिशेब शिकवत. उंच, किडकिडीत माणूस. आवाज कधी चढायचा नाही. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, खिडकीबाहेर दिसतं ते पाटीवर लिहा. बाहेर लिंबाच्या झाडाखाली एक माणूस बसला होता. मी लिहिलं, ‘झाडाखाली एक थकलेला माणूस बसला आहे.’ मास्तरांनी पाटी हातात घेतली.

“बैठा है, ये तुमने देखा,” ते म्हणाले. “थका है, ये तुमकू किसने बोला?”

मी म्हणालो, बसलाय म्हणजे थकला असेल.

“ये तुमने सोचा. सोचना बुरा नहीं. मगर देखा हुआ अलग, सोचा हुआ अलग. एक लकीर में मत डालो.” आणि त्यांनी माझ्या पाटीवर मधोमध एक उभी रेघ ओढली. थोड्या वेळानं तो माणूस उठला आणि चांगला ताड ताड चालत निघून गेला. वर्गात हशा पिकला. मास्तर हसले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

त्या रेघेनं मला नोकरीत पहिल्याच वर्षी वाचवलं. मार्गशीर्षातली गोष्ट. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि सकाळी बाटलीत अर्ध्या इंचाहून जास्त पाणी. काय लिहावं? आकडा लिहिला तर खोटं, नाही लिहिला तरी खोटं. मी लिहिलं, ‘पात्रात पाणी आढळले. पाऊस पाहिला नाही.’ हैदराबादेहून खुलासा मागणारा कागद आला. चौकशीत कळलं की नव्या चपराश्यानं त्यात फुलपात्रभर पाणी ओतलं होतं. कशासाठी, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, “तुमी रोज सकाळच्याला बघता आन रोज त्यात काईच न्हाई. मला वंगाळ वाटलं.” त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. खुलासा लिहून पाठवला. वरच्या कचेरीनं शेरा मारला, ‘नोंद योग्य.’ नोकरीत मला मिळालेला तो पहिला चांगला शेरा.

पण हे सगळं पडून गेलेल्या पावसाचं. पुढचा पाऊस कसा ओळखायचा, हे मला ठकूमायनं शिकवलं.

ठकूमाय धनगराची. नवरा लवकर गेला होता, दीडएकशे मेंढरं तिनं स्वतः राखली. पावसाळा सरत आला की तिचा कळप गोदावरीच्या काठच्या रानात उतरायचा. खरिपाची पिकं निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं आणि तिला धान्य. मेंढरू भिजलं तर लोकर कुजते, पायाला रोग लागतो, म्हणून आभाळाकडे तिचं बारीक लक्ष असायचं. एकदा कचेरीच्या मागून जाताना तिनं मला पेला डोळ्यापाशी धरलेला बघितलं आणि कुंपणापाशी थांबली.

“पडल्याला पाऊस मोजून काय करता, मुन्शीबाबा? पडणारा मोजा की.”

“तो कसा मोजायचा?”

“मान वर करून,” ती म्हणाली आणि चालू लागली.

मी तिच्यामागं गेलो. पुढची किती तरी वर्षं, ती काठाला आली की सुट्टीच्या दिवशी मी तिच्या वाड्यावर जायचो. तिचा वाडा म्हणजे काट्याकुपाट्यांच्या कुंपणातली मेंढरं आणि शेजारी एक पाल. ती मुद्दाम शिकवायला बसत नसे. काम करता करता बोलायची. मावळतीचा वारा हा पावसाळ्याचा वारा. तो पडला आणि उत्तरेचा सुरू झाला, पहाटे दव पडू लागलं, की पाऊस माघारी निघाला. पण हस्त-चित्रात उत्तरेचा वारा उगवतीकडे सरकला तर सावध राहायचं. उंच आभाळात पिंजलेल्या लोकरीसारखे तंतू दिसले, मेंढरं पांगून बसायच्या ऐवजी एकमेकांत तोंडं खुपसून उभी राहिली, तर उगवतीच्या दर्यावरनं पाऊस येतोय असं समजायचं. तिनं दर्या कधी पाहिला नव्हता. मीही नाही.

घरी येऊन मी पत्र्याचा एक बाण कापला, खिळ्यावर फिरता केला आणि कचेरीच्या छपरावर लावला, म्हणजे वारा कुठून येतो ते दिसावं. तहसीलदारसाहेबांनी विचारलं, याला मंजुरी कुणाची? मी म्हणालो, कुणाचीच नाही. त्यांनी बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाले, “रहने दो. मगर सरकारी सामान की फेहरिस्त में मत चढ़ाना.”

हळूहळू लोक विचारू लागले. मी सांगू लागलो. चार-सहा वर्षं अंदाज बरे आले आणि मला थोडी हवा लागली. बाजारातून जाताना लोक वाट देत. पानवाला पैसे घेईना. इथून पुढची गोष्ट मी पूर्वी कुठं लिहिलेली नाही.

त्या वर्षी उत्तरा नक्षत्र झकास पडलं. हस्त लागताच आभाळ निवळलं. तीन दिवस रोज सकाळी मी छपरावर चढून बघितलं. बाणाचं टोक उत्तरेला ठाम. गवतावर दव. चौथ्या दिवशी बाजार होता आणि त्याच दिवशी वरचे साहेब कचेरीच्या तपासणीला यायचे होते. सकाळी मी पात्र बघितलं, शून्य लिहिलं आणि दप्तर लावत बसलो. छपरावर चढलो नाही.

दुपारी साहेब गेले तसा मी बाजारात आलो. नदीकाठच्या एका गावचे ज्ञानोबा पाटील माझीच वाट बघत होते. त्यांची बाजरी कापायला आली होती. शेजारी भागूजी कुंभार उभा होता. दिवाळीच्या पणत्या आणि बोळकी वाळवून त्यानं आवा रचला होता, फक्त पेटवायचा बाकी होता.

“काय म्हंतो पाऊस?” पाटलांनी विचारलं.

“गेला,” मी म्हणालो. “खुशाल कापा.”

“आन आवा?” भागूजीनं विचारलं.

“लावा पेटवून.”

ठकूमाय शेजारच्या दुकानात मीठ घेत होती. तिनं विचारलं, “मुन्शीबाबा, आज वारं कुठलं हाय?”

“उत्तरेचं,” मी मान वर न करता म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मीठ पदरात बांधलं आणि गेली. चारचौघांत तिनं मला खोटं पाडलं नाही. नंतर कळलं, त्याच संध्याकाळी तिनं कळप काठावरून हलवला आणि वरच्या माळावर नेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतीकडून आभाळ भरून आलं. दोन दिवस पाऊस थांबला नाही. सगळं मिळून पात्रात सव्वापाच इंच पाणी सापडलं. माझ्या हातानं तो आकडा मी वहीत लिहिला. इतका वेळ मी कुठल्याच आकड्यासाठी लावला नव्हता.

भागूजीचा आवा अर्धा भाजून विझला होता. मी गेलो तेव्हा तो चिरकलेल्या पणत्या वेगळ्या काढत होता. त्यानं त्यातली एक माझ्या हातात दिली. मग पुन्हा कामाला लागला.

तिथून मी चिखल तुडवत ज्ञानोबा पाटलांच्या गावी गेलो. त्यांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर, बाजांवर, चुलीच्या भोवती ओली कणसं पसरलेली. बायका ती उलथीपालथी करत होत्या. घरभर आंबूस वास. पाटलांच्या आईनं एक कणीस उचलून माझ्यापुढे धरलं. दाण्यादाण्यातून हिरवे मोड आले होते.

“बघा मुन्शीजी,” त्या म्हणाल्या, “कणसातच शेत उगवलंय.”

पाटील बाहेर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमी कावून म्हनलात, गेला म्हनून?”

“तीन दिवस वारा उत्तरेचा होता.”

“आन बाजारच्या दिशी?”

मला खोटं बोलता आलं असतं. वारा कुणी पाहिला होता? पण मी म्हणालो, “बाजारच्या दिवशी मी बघितलाच नाही.”

पाटलांनी ओसरीवरचं एक ओलं कणीस उलटं केलं. मग म्हणाले, “मंग तेवडंच सांगायचं व्हतं. तीन दिवस बघितलं, आज बघितलं न्हाई. आमी आमचं बघितलं असतं.”

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण त्या दिवसानंतर वर्षभर त्यांनी मला पावसाचं काही विचारलं नाही. बाजारात राम राम करायचे आणि पुढं जायचे.

त्या दसऱ्याला मी बीडला हबीबुल्ला मास्तरांकडे गेलो. मदरसा त्यांनी सोडला होता. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, “तीन दिन क्या देखा?”

“उत्तरेचा वारा.”

“चौथे दिन?”

“काही नाही.”

“और बोला क्या?”

“पाऊस गेला.”

मास्तरांनी बोट पुढं केलं आणि सतरंजीवर, आम्हा दोघांच्या मध्ये, एक उभी रेघ ओढली. माझे डोळे भरून आले. चाळिशीला टेकलेला सरकारी नोकर मी, आणि मास्तरांच्या पुढ्यात पाटी घेऊन बसल्यासारखा बसलो होतो.

“अब लोगों को बताना छोड़ दूँ?” मी विचारलं.

“कायकू छोड़ते? दोनो बताओ. देखा वो भी, सोचा वो भी. फैसला उनका है, खेत उनका है.”

परत आल्यावर मी तहसीलदारसाहेबांकडे एका फळ्याची परवानगी मागितली. त्यांनी दिली, पण तळाशी ‘सरकार जबाबदार नाही’ असं लिहायची अट घातली. फळ्याच्या मधोमध रेघ. एका बाजूला ‘पाहिले’, दुसऱ्या बाजूला ‘वाटते’. वाचता येणारे थोडे, म्हणून बाजारच्या दिवशी मी स्वतः फळ्यापाशी उभा राहून मोठ्यानं वाचायचो. पहिल्या बाजाराला सात-आठ माणसं थांबली. त्यातली दोघं सावलीसाठी.

दुसऱ्या वर्षी उलटं झालं. भाद्रपद कोरडा गेला. शाळू पेरायची वेळ झाली तरी जमिनीत ओल बेताचीच. आहे त्या ओलीवर पेरावं, की पावसाची वाट बघावी? पेरलं आणि पाऊस आलाच नाही तर बियाणं जातं. थांबलं आणि नाही आला तर उरलेली ओलही जाते. त्या बाजाराला फळ्यापुढे माणसं मावेनात. ज्ञानोबा पाटील सगळ्यांत मागं, हाताची घडी घालून उभे होते.

मी वाचलं, “पाहिले: दोन दिवस वारा उगवतीचा, आजही. उंच पातळ ढग. ठकूमायनं मेंढरं माळावर नेली. वाटते: चार दिवसांत पाऊस येईल. खात्री निम्मी.”

“निम्मी म्हंजी?” कुणीतरी विचारलं.

“म्हणजे येईलही, न येईलही.”

लोक हसले. एक जण म्हणाला, “ह्ये तर आमालाबी ठावं हाय.” तेवढ्यात मागून ज्ञानोबा पाटलांनी विचारलं, वर्षात पहिल्यांदाच, “वारं आज बघितलं का?”

“सकाळी बघितलं. तुमच्याकडे यायच्या आधी आत्ता पुन्हा बघितलं.”

त्यांनी मान हलवली. “मंग खालच्या रानात वल हाय, ते उंद्या पेरतो. वरचं राहू द्या, पाऊस आल्यावर बघू.” भागूजी म्हणाला, आवा चार दिवस झाकून ठेवतो. मी कुणालाच काही सांगितलं नाही. ज्यानं त्यानं आपलं ठरवलं.

पाऊस चार दिवसांत आला नाही, सहाव्या दिवशी आला. अंदाज बरोबर आला की चुकला, यावर बाजारात वाद झाला तो अजून मिटलेला नाही. पण पाटलांच्या दोन्ही रानांत शाळू उभा राहिला आणि भागूजीच्या पणत्या सगळ्या गावात लागल्या. पौषात पाटलांचा गडी निरोप घेऊन आला, हुरड्याला या. शेताच्या बांधावर आगटी पेटवलेली होती. पाटलांच्या आईनं गरम दाणे तळव्यावर चोळून, फुंकून, माझ्या ओंजळीत घातले. मोड आलेल्या कणसाचा विषय दोघांनीही काढला नाही. तो माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्या दिवशी हुरडा गोड लागला.

आता संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर. पाहिले: गेले पाच दिवस पहाटे दव पडतंय, वारा उत्तरेचा, कोळ्यांची जाळी गवतावर लांबपर्यंत दिसतात. आज सकाळीही हेच पाहिलं. वाटते: पाऊस माघारी निघाला आहे, शाळूला ओल पुरेशी आहे, आणि थंडी यंदा लवकर पडेल. चित्रा नक्षत्रात एखादी सर येऊ शकते, म्हणून कणसं उघड्यावर ठेवू नयेत. अंक छापून हातात पडेपर्यंत हे सगळं शिळं झालेलं असेल. तेव्हा वाचणाऱ्यांनी उठून एकदा बाहेर बघावं.

एक आठवण राहिली. ती सांगून थांबतो.

पुढं मास्तरांना मोतीबिंदूनं गाठलं आणि ते गेवराईला लेकीकडे राहायला आले. डोळ्यांनी उजेड तेवढा कळायचा. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांना फळ्यावरचं सांगायचो. एकदा ते म्हणाले, “ये ठकूमाय कौन है? रोज नाम लेते. मुझे मिलाव.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी केली आणि त्यांना माळावर ठकूमायच्या वाड्यावर घेऊन गेलो. तीही आता म्हातारी झाली होती, मेंढरं सून राखायची. तिनं घोंगडी अंथरली, मास्तरांना हात धरून बसवलं. मी दोघांना आपट्याची पानं दिली.

मग तिनं विचारलं, “मास्तर, तुमी ह्याला काय शिकिवलं?”

“लिखना,” मास्तर म्हणाले. “और आपने?”

“मी कशाचं शिकिवते? वारं दावलं.”

मास्तर हसले. “मुझे तो अब कुछ दिखता नहीं, बाई. नहीं तो मैं भी देखता.”

“वाऱ्याला डोळे कशाला लागत्यात?” ती म्हणाली. ती उठून त्यांच्यापुढं बसली. “टोपी काढा. आता तोंड हळूहळू फिरवा. एका कानात जास्ती वाजतंय ना? अजून फिरवा. दोनी कानांत सारखं वाजलं की थांबा. तुमचं तोंड जिकडं आसल, तिकडनं वारं येतंय.”

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पांढरे विरळ केस उडू लागले. त्यांनी डोळे मिटले आणि मान हळूहळू वळवली, इतकी सावकाश की मला आमच्या परीक्षेचे दिवस आठवले. थोडं पुढं गेले, परत आले आणि थांबले. सकाळचं ऊन कोणत्या गालावर पडतंय ते मनाशी जुळवलं असावं, कारण मग ते ठामपणे म्हणाले, “मशरिक़. उगवती.”

ठकूमायनं वर बघितलं. “बराबर,” ती म्हणाली.

मी त्यांचा विद्यार्थी होतो तेव्हा मला कधी ते इतके खूश दिसले नव्हते. तिच्या हातचं दूध प्यायले, दोनदा तिचे आभार मानले, निघताना तिला उस्ताद म्हणाले. तिला तो शब्द कळला नाही, पण सूर कळला. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

परतताना गाडी वळणावळणानं माळ उतरत होती. मास्तर टोपी हातातच धरून बसले होते. प्रत्येक वळणावर ते मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवायचे आणि थांबायचे. गाडीवानानं दोन-तीनदा मागं वळून बघितलं. शेवटी त्यानं मला हळूच विचारलं, “मास्तरसाबांची मान आखडली का?”

“नाही,” मी म्हणालो. “शिकताहेत.”